एक्क्याऐंशी टक्के लांडगा

यंत्र खोटं बोलत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. सहा वर्षं ते माझ्या खांद्याला लटकलेलं आहे. जेवणाच्या डब्याएवढं, वर काच आणि बाजूला एक भोक. भोकात कापसाची काडी घालायची, आठ मिनिटं थांबायचं, की काचेवर आकडा येतो. खात्याच्या कागदात त्याचं नाव भलतंच लांबलचक आहे. गावात त्याला सगळे 'जातपडताळणी' म्हणतात, आणि मी दिसले की पारावरून हमखास कुणीतरी ओरडतो, "काय बंडगर मॅडम, आज कुणाचा दाखला काढला?" मीही काही कमी नाही. "तुझाच राहिलाय, घाल काडी तोंडात," म्हणते.

मी मायाक्का धुळाप्पा बंडगर, खडकमाळ बीटची वनरक्षक. वय एकतीस. जात धनगर, बाप मेंढरं राखतो, आणि माझ्या बीटात झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जंगल म्हणजे झाडी असं समजणाऱ्या माणसाला मी आधी माझा माळ दाखवते. कुसळाचं गवत, मुरूम, दोन घळी आणि एक पाणवठा. आणि या माळावर लांडग्यांची एक टोळी होती. सात जनावरं. चारी बाजूंना पन्नास-पन्नास किलोमीटर दुसरी टोळी राहिली नव्हती. एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला कालवा, आणि उरलेल्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर सौर पत्रे.

कायदा थोडक्यात सांगते. पोल्ट्र्यांच्या उकिरड्यांवर मोकाट कुत्री वाढली आणि ती लांडग्यांत मिसळली. त्यातून जी पैदास झाली ती दिसायला लांडगा, पण माणसाला न भिणारी. चावे वाढले, ओरड झाली, आणि दोन हजार छत्तीस साली शिकारीचा कायदा बदलला. शुद्ध लांडग्याच्या केसाला धक्का लावाल तर सात वर्षं आत. पण संकर निघाला तर पंधरा दिवसांत मारायचा, आणि मारायला परवानाधारक शिकारी बोलवायचे. शुद्ध कोण आणि संकर कोण, हे ठरवायला यंत्र. थुंकी, केस, विष्ठा, काहीही चालतं. त्यात जनावराच्या पेशी असतात, पेशीत त्याच्या सगळ्या पूर्वजांची लिपी असते. लांडग्याची आणि कुत्र्याची लिपी जवळजवळ सारखीच, पण चाळीस हजार ठिकाणी अक्षरं वेगळी पडतात. यंत्र ती चाळीस हजार ठिकाणं तपासतं आणि शंभरातली किती लांडग्याची निघाली ते सांगतं. पंच्याऐंशी किंवा वर आलं तर लांडगा. चौऱ्याऐंशी आलं तर मेलाच म्हणायचा.

आणखी दोन कलमं आहेत, ती ध्यानात ठेवा. टोळी म्हणजे एक कुटुंब, म्हणून एका जनावराचा नमुना सगळ्या टोळीला लागू. आणि पहिला आकडा पटला नाही तर फेरतपासणी एकदाच. दुसरा आकडा अंतिम. त्यानंतर टोळीचा क्रमांक यंत्रात बंद होतो.

नोव्हेंबर संपता संपता हणमंत मारकडची शेळी गेली. त्याने फोनवर तक्रार टाकली, तक्रार आली की मला जावंच लागतं. शेळी बांधाला पडलेली, नरड्याला दातांच्या खुणा. मी काडी फिरवली, यंत्रात घातली आणि हणमंताने दिलेला चहा प्यायले. सहा वर्षांत ही टोळी कधी यंत्राखाली आली नव्हती, कारण तिने कधी कुणाच्या दारची शेळी उचलली नव्हती. आमच्या मेंढ्या नेत होती, पण धनगर त्याची तक्रार करत नाही. त्याचा वाटा त्याने नेला, म्हणतो आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, घट्ट करतो.

आठ मिनिटांनी काच लाल झाली. एक्क्याऐंशी.

माझ्या हातातला चहा सांडला. "काय झालं मॅडम?" हणमंत म्हणाला. तेवढ्यात त्याचं कुत्रं शेपूट हलवत आलं आणि शेळीच्या नरड्याला जीभ लावायला लागलं. मी इतकी खूश झाले की त्या कुत्र्याचा मुका घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. "ह्यानं सकाळपासून चाटलंय का रे हे?" मी विचारलं. "चाटलंच की, त्याला कोण अडवणार?" हणमंत म्हणाला.

म्हणजे कुत्र्याची लाळ मिसळली होती! आकडा चुकीचा होता. जीव भांड्यात पडला. फेरतपासणीचा अर्ज मी त्याच बांधावर उभ्याउभ्या भरला.

दुसरा नमुना स्वच्छ घ्यायचा, शंकेला जागाच ठेवायची नाही, हे मी ठरवलं होतं. टोळीची मादी खालच्या घळीत बीळ उकरत होती. पोटुशी होती, पौषात विणार. बिळाच्या तोंडाशी तिची ताजी विष्ठा रोज मिळाली असती, आणि तिथं कुत्रं फिरकायची छाती नव्हती. जाताना वाटेत आप्पांच्या तळावर थांबले.

आप्पा म्हणजे माझे वडील. सत्तरी उलटली, तरी ऐंशी मेंढरं घेऊन माळावरच राहतात. कोकणात उतरायचं त्यांनी गुडघ्यांपायी सोडलं. लांडग्यांचं त्यांना जेवढं कळतं तेवढं आमच्या खात्याच्या सगळ्या साहेबांना मिळून कळत नाही, हे मी साहेबांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

"कुटं निघालीस?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. एक्क्याऐंशी, हणमंताचं कुत्रं, फेरतपासणी. ऐकताना त्यांनी हातातली लोकर खाली ठेवली.

"घळीत जाऊ नगंस," ते म्हणाले. "वर टेकावर जा. पानवठ्याच्या वरचा काळा दगड हाय, त्येच्यावर नवा गडी रोज मुतून जातो. त्येचं घे."

"कुठला नवा गडी?"

"गनपती झाल्यावर आलाय. जुना नर उन्हाळ्यात गाडीखाली ग्येला न्हवं का, त्येच्या जागी. ह्यो कालवा पवून आलाय, कुटनं आलाय देव जाणं. त्येची चालच येगळी. पाय बघ त्येचे, लांब. त्येचं घे पोरी."

"अहो, दगडावर सतरा कुत्री मुतत असतील. मला स्वच्छ नमुना पाहिजे."

"टेकावर कुत्रं जात न्हाय."

"आणि घळीत का नको?"

ते मेंढराकडे बघत बसले. मी पुन्हा विचारलं. "नगं म्हंतोय न्हवं," एवढंच बोलले, आणि तेही माझ्याकडे न बघता.

माझं डोकं फिरलं. सहा वर्षं नोकरी करतेय, प्रशिक्षणात पहिली आलेय, आणि आजही बाप सांगणार कुठं जाऊ नको ते! कारण विचारलं तर तोंडाला कुलूप. मला वाटलं, घळीच्या वाटेवर त्यांनी कुणाचा फास बघितला असेल, किंवा कुणा पाहुण्याचं काही लपवत असतील. नव्या नराची गोष्टही मला तिथल्या तिथं रचल्यासारखी वाटली, कारण मी काही त्याला बघितलेलं नव्हतं, आणि मादी टोळीतल्याच एखाद्या मोठ्या पोरापासून राहिली असेल असं मी धरून चालले होते. "तुमच्या सांगण्यावर खातं चालत नाही, आप्पा," म्हणाले आणि सरळ घळीत उतरले.

बिळाच्या तोंडाशी ताजी विष्ठा मिळाली. काडी लावली, यंत्रात घातली, नियमाप्रमाणे उरलेला नमुना डबीत भरला. आठ मिनिटं मी उन्हात उभी होते. देवाला हात जोडले होते, खोटं कशाला सांगू.

एकोणऐंशी. टोळीचा क्रमांक बंद.

डॉक्टर शर्वरी आठल्ये पुण्यात असतात. आमच्या प्रशिक्षणाला शिकवायला आल्या होत्या, तेव्हापासूनची ओळख. शेळीवरच्या आणि घळीतल्या, दोन्ही नमुन्यांच्या डब्या मी त्यांच्याकडे पाठवल्या आणि म्हटलं, बाई, यंत्र बिघडलंय, तुम्ही मोठ्या यंत्रावर बघा. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मायाक्का, आकडे बरोबर आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही. शेळीवरच्या लाळेत कुत्र्याची लाळ होती, पण ती वेगळी काढता आली. ती काढूनही एक्क्याऐंशीच. तुझी टोळी जन्माने तशी आहे. आणि ऐक, यात आणखी एक गोष्ट दिसते. पेशीत तंतुकणिका असतात, त्यांची स्वतःची एक छोटी लिपी असते. ती बापाकडून येतच नाही. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला, अशीच जाते. तुझ्या दोन्ही नमुन्यांत ती लिपी कुत्र्याची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उकिरड्यावरच्या कुत्र्याने लांडगीण गाठली, असं इथं झालेलं नाही. तसं असतं तर तंतुकणिका लांडग्याच्या असत्या. इथं मूळ आई कुत्री आहे. एका कुत्रीला लांडग्यापासून पिल्लं झाली, त्यातली एक मादी पिल्लू टोळीत जाऊन मिसळली, आणि आजची सगळी टोळी तिच्या पोटची आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी. कुत्रीची जातही लागते. मेंढपाळांची आहे, तुमच्याच भागातली."

त्या बोलतच होत्या. "मिश्रण तसं थोडं आहे गं. बाहेरून एक शुद्ध नर आला असता तर पुढच्या वेताला हीच टोळी पंच्याऐंशीच्या वर गेली असती. आणखी दोन पिढ्यांत कुत्रं धुऊन निघालं असतं. निसर्गात असं होतच आलंय. पण बाहेरून यायला बाहेर लांडगा पाहिजे ना."

"पंच्याऐंशी कुणी ठरवलं, बाई?"

त्या म्हणाल्या, "समितीत मी होते. मी पंचाहत्तर म्हणत होते, दुसरे पंच्याण्णव म्हणत होते. मध्यावर तडजोड झाली. आम्हाला लांडगा वाचवायचा होता, मायाक्का. आणि ज्या जुन्या कातड्यांवरून शुद्ध लांडगा म्हणजे काय ते ठरवलं, त्यांची तरी जात कोण विचारायला गेलं होतं? तुमचे लोक तर शेकडो वर्षं..."

"आमचे लोक काय?"

"वडिलांना विचार," त्या म्हणाल्या.

बाहेरून नर आला असता तर! ते वाक्य कानात घेऊनच मी तळावर गेले. आप्पा एका लंगड्या मेंढीच्या खुराला हळद लावत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"शेवंतीला कुणापासून पिल्लं झाली होती?" मी विचारलं.

शेवंती आमची कुत्री. मी एकोणीस वर्षांची असताना व्याली होती, चार पिल्लं. तीन नर आप्पांनी पाहुण्यांत वाटले, चौथी मादी राहिली. टिटवीसारखी केकाटायची म्हणून मी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. ती कधी रमली नाही. दोर तोडायची, खायची नाही, दिवसभर टेकाकडे तोंड करून उभी राहायची. गळ्याला दोराने जखम झाली होती तिच्या. मला बघवेना. एके दिवशी आप्पा बाजाराला गेले आणि मी तिचा दोर कापला. ती मागं वळूनसुद्धा न बघता गेली. आप्पा आल्यावर म्हणाले, "ग्येली, मेली आसंल." मी दोन दिवस रडले आणि विसरून गेले.

आप्पांनी मेंढीचा पाय सोडला. "शेवंतीला म्याच बांदली हुती," ते म्हणाले. "माजावर आली तवा खालच्या घळीच्या तोंडाला खुटा मारून बांदली, तीन दीस. माझ्या बानं बांदलेली, त्येच्या बानं बांदलेली. लांडग्याचं बी आलं की राखनीचं कुत्रं तिखाट व्हतं. पिडीत एकदा कराया लागतं, न्हाईतर रगात पातळ व्हतं."

"आणि टिटवी?"

"चार म्हयन्यांनी बघितली टोळीत. गळ्याला तुज्या दोराचा वण हुता. चांगली नांदत हुती."

"मग मला सांगितलं का नाही? परवा मी इथं उभी होते! घळीत का नको म्हणून दोनदा विचारलं!"

त्यांचा आवाज चढला. "काय सांगू? गावात भोंगा लावून सांगितलं न्हवं तुज्याच खात्यानं, संकर सोडंल त्येला तीन वर्सं! दोर कुनी कापला? तू कापला. वनरक्षकीण झालीस, वर्दी घातलीस, आन् म्या तुला सांगू व्हय, की तूच सोडलीस म्हणून? आयवर ग्येलीयास तू, खरं बोलल्याबिगर राहतीस का? उद्या सायबाला सांगून मोकळी झाली असतीस. म्हणून म्हनलं, नव्याचं घे. त्येच्यात आपलं कायबी न्हाय."

मी रडले नाही. मला राग आला होता, त्यांचा, माझा, त्या कापलेल्या दोराचासुद्धा. बारा वर्षं त्यांनी माझ्यासाठी तोंड मिटून ठेवलं, आणि तेच मिटलेलं तोंड बघून मी घळीत उतरले. ते एक शब्द जास्त बोलले असते किंवा मी त्यांचं एक वाक्य ऐकलं असतं, तर सात जिवांचं काम दगडावरच्या चार थेंबांवर भागलं असतं.

"नवा नर खरंच आहे?" मी विचारलं.

"हाय की," आप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

नव्या नराला तपासून घ्यायचं तर सगळं सांगावंच लागणार, म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर कचेरीत आले. आमचे वनक्षेत्रपाल गोरवाडकर साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आप्पांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला आणि सगळं सांगितलं, माझ्या दोराचं सोडून. मी मध्येच म्हणाले, "दोर मी कापला, साहेब."

साहेब म्हणाले, "मामा, तुम्ही एवढ्याला घाबरलात? कायदा छत्तीसचा आहे. तुम्ही सांगताय ते एकतीस सालचं. तेव्हा तो गुन्हाच नव्हता. मुलीच्या नोकरीला काही होणार नाही, तुम्हालाही काही होणार नाही."

आप्पांना ते कळायला वेळ लागला. "कायबी हुणार न्हाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हंजी म्या परवा सांगितलं असतं, तरी चाललं असतं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"मंग आता तपासा की त्या नव्याला," आप्पा म्हणाले. "पाया पडतो सायेब. कालवा पवून आलाय त्यो."

"क्रमांक बंद झालाय, मामा. उद्या त्या नराचा आकडा शंभर आला तरी यंत्र तो टोळीला लावणार नाही. वर अर्ज करता येतो. करा तुम्ही, मी शिफारस लिहितो. पण उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, आणि टोळीची मुदत..." त्यांनी कॅलेंडर बघितलं. "ती आठ दिवसांत संपते."

अर्ज केला. काळ्या दगडावरही गेले, निदान अर्जाला जोडायला म्हणून. अवकाळी पावसाने दगड धुऊन काढला होता आणि नर त्या आठवड्यात टेकावर फिरकला नाही, मादीजवळ घळीत असायचा. आप्पांनी दोन दिवस कुत्री घेऊन टोळीला माळाबाहेर हाकलायचा खटाटोप केला. पण हाकलून घालवणार कुठं? आणि वेताला आलेली मादी बीळ सोडत नाही. आधीच्या वेतांची तिची पाचही पोरं तिच्या भोवती घुटमळत राहिली. आप्पा दगड मारत होते, ओरडत होते आणि शिव्या देत होते. सत्तर वर्षांत त्यांनी लांडग्याला मारलेला तो पहिला दगड. संध्याकाळी तळावर येऊन म्हणाले, "जात न्हाईत गं," आणि जेवले नाहीत.

शिकारी शहरातून आले, तिघं. त्यातला एक दातांचा डॉक्टर होता, फार अदबीने बोलणारा. परवाना दाखवून म्हणाला, "मॅडम, जनावराला त्रास होणार नाही याची आम्ही काळजी घेतो." माझ्या तोंडाशी आलेली शिवी मी गिळली. दोन ड्रोन वर गेले. ऊब बघून जनावर कुठं आहे ते सांगतात ते, गवतात लपून काही उपयोग नसतो. सकाळी साडेसातला पहिली गोळी सुटली. सव्वाआठपर्यंत सगळं आटपलं. एकही जनावर त्यांच्या अंगावर धावून आलं नाही. माणसाला न भिणारे संकर म्हणे! ते शेवटपर्यंत आमच्यापासून पळत होते, मादीपासून लांब नाही, पण आमच्यापासून पळत होते.

सातही जनावरं घळीच्या तोंडाशी ओळीने मांडली. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक ग्रामपंचायतीचा शिपाई आला, दुसरे आप्पा स्वतः होऊन आले. साहेब "मामा, तुम्ही कशाला?" म्हणाले, तर म्हणाले, "माजी हाईत ती."

मारल्यावर प्रत्येकाचा आकडा घ्यावा लागतो, नोंदीसाठी. जिवंत टोळीचा क्रमांक बंद असला तरी मेलेल्याचा खाना वेगळा असतो. मी काडी घेऊन एकेकाच्या तोंडाशी बसत गेले. पाच पोरं: ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी. मादी एकोणऐंशी. दरवेळी काच लाल. दातांचा डॉक्टर मान हलवत होता, आपलं काम बरोबर झालं म्हणून.

शेवटी नर. आप्पांनी सांगितले तसे लांब पाय, पंजांवर कालव्याच्या सिमेंटला घासल्याचे जुने वण. आठ मिनिटांनी आकडा आला.

सत्त्याण्णव.

डॉक्टरने बंदूक खाली ठेवली. गोरवाडकर साहेब जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बंडगर मॅडम, आता बास. यंत्र बंद करा."

"आकडा वर गेलाय, साहेब. पुसता येत नाही."

"तो गेला तो गेला. पुढचं काही नको."

पुढचं काय ते त्यांनाही ठाऊक होतं, आणि हिशेब मला तोंडी येत होता. आई एकोणऐंशी, बाप सत्त्याण्णव. बेरीज करा आणि निम्मे करा. मला तो आकडा काचेवर बघायचा नव्हता, देवाशप्पथ नव्हता. पण आप्पा खाली बसले होते, मादीच्या पोटावर हात ठेवून, आणि मला म्हणाले, "बघ. माज्यामुळं काय झालंय त्ये मला कळू दे."

"तुमच्यामुळं नाही, आप्पा. मी ऐकलं नाही तुमचं."

"बघ तरी."

जनावरांच्या डॉक्टरांची पेटी जीपमध्ये होती. मी पोट उघडलं. पाच होती. केस फुटलेले, डोळे मिटलेले, आणखी दोन आठवड्यांत बाहेर आली असती. पहिल्याच्या तोंडात काडी फिरवली तेव्हा आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात उबदार होता, पिल्लूही अजून गार झालं नव्हतं. आम्ही दोघं आठ मिनिटं तसेच बसलो. त्या आठ मिनिटांत मी एकदाही वर बघितलं नाही.

अठ्ठ्याऐंशी.

काच हिरवी झाली. माझ्या बीटात आजवर एवढे आकडे घेतले, पण त्या नराआधी हिरवा रंग मी बघितला नव्हता, म्हणून यंत्र हिरव्या आकड्याला बोलतं, हे मी पार विसरले होते. नराच्या वेळी ते बोललं नव्हतं, कारण नराची नोंद मेलेल्यांच्या खान्यात होती. पिल्लाला मी कुठल्याच खान्यात घातलं नव्हतं. न जन्मलेल्यासाठी खानाच नाही. यंत्राने त्याला जिवंत धरलं.

आतून एका बाईचा रेकॉर्ड केलेला गोड, शांत आवाज आला. "हा लांडगा आहे. हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे. कृपया त्याच्यापासून दूर उभे राहा."

साहेब हलले नाहीत, शिपाई हलला नाही, बंदूकवाले तिघे होते तिथंच उभे राहिले. आप्पांनी माझं मनगट सोडलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि चार पावलं मागं सरकून उभे राहिले.